दहिवले सरांचा अंदाज

दहिवले सरांच्या वर्गात ‘खूप’ हा शब्द बंद होता. कुणी म्हणालं, ‘सर, आज खूप ऊन आहे,’ की सर खडू खाली ठेवत आणि विचारत, "खूप म्हणजे किती?" झालं. पुढची दहा मिनिटं गेलीच समजा. आकडा चुकला तरी सर रागावत नसत, पण नुसता आकडा फेकून बसता येत नसे. "अंदाज चुकला तं चालते," ते म्हणत, "पन चाळीस म्हणजे काय चाळीस? अंश का शेळ्या?"

मी त्याच शाळेत मराठी शिकवायची. मुलचेऱ्याकडची शाळा. निम्मी पोरं आसपासच्या बंगाली वस्त्यांतली, बाकीची जंगलाकडच्या गावांतली आणि आमच्यासारख्या नोकरदारांची. माझ्या आणि सरांच्या वर्गांमधली भिंत छतापर्यंत पोचलेली नव्हती. माझ्या कवितेच्या तासाला त्यांची गणितं भिंतीवरून इकडे येत. मी ‘अथांग’ म्हणायचा अवकाश, मागच्या बाकावरून एखादं पोट्टं विचारायचं, "अथांग म्हणजे किती फूट, मॅडम?" मी दोनदा मुख्याध्यापकांकडे तक्रार केली. एकदा लेखी. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी पहिल्यापासून त्यांची चाहती होते असं वाटेल. मला हा माणूस डोक्याला ताप वाटायचा.

अंगानं शिडशिडीत, शर्ट नेहमी एक माप मोठा. खिशात लाल पेन, निळं पेन आणि थर्मामीटर. विज्ञानाचा मास्तर म्हणून थर्मामीटर बाळगतो, असं पोरांना वाटे. दर दोन तासांनी सर आपला वर्ग तसाच सोडून पाचवीच्या दारात जाऊन उभे राहत आणि खिडकीजवळ बसलेल्या एका मुलीला नुसती मान हलवून खूण करत. ती मुलगी बाटली काढून चार घोट पाणी पिई. सर परत येत. ती मित्रा, त्यांची एकुलती एक लेक. संघमित्रा पूर्ण नाव. तिला सिकलसेल होता.

आमच्याकडे हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही, दर चार घरांआड त्याची काहीतरी गोष्ट असते. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. मग हाडं ठणकतात, ताप येतो, रक्त कमी होतं. पाणी कमी पडू द्यायचं नाही, गारठा लागू द्यायचा नाही आणि ताप आला की पुढचा विचार न करता दवाखाना गाठायचा. थर्मामीटर त्याच्यासाठी होता. मित्रा जगावी, एवढं एकच काम सरांना होतं. शाळा, पगार, पदार्थविज्ञान हे सगळं त्या कामाच्या आजूबाजूला बसवलेलं होतं.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं गणित हिरोच्या ताकदीचं. बंगाली वस्तीतल्या तपननं एकदा मोबाइलवर पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट वर्गात सांगितली. हिंदीत डब केलेला कुठलासा सिनेमा होता. घाटातून ब्रेक फेल झालेली बस येते आणि हिरो एका हातानं ती अडवतो. "सर, त्याच्या अंगात किती जोर असन?" सरांना दुसरं काय हवं होतं. दुसऱ्या दिवशी ते बसस्टँडवर जाऊन ड्रायव्हरला गाडीचं वजन विचारून आले. रिकामी गाडी दहा टन, माणसं आणि सामान धरून चौदा. वेग तासाला चोपन्न किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. गाडी तीन मीटरात थांबली असं धरू. फळा भरला. उत्तर आलं सव्वापाच लाख न्यूटन.

"बरं," सर म्हणाले, "सव्वापाच लाख न्यूटन म्हणजे किती?"

मग सर सगळ्या वर्गाला घेऊन वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेले. तिथे यशोदाबाई होती. तिचं माप असं की भातानं भरलेला गंज ती चुलीवरून एकटी उचलून ओट्यावर ठेवायची आणि वर पदरानं तोंड पुसून आम्हालाच विचारायची, "काय पाहून राह्यले?" मोहफुलं मोजायचा हुकाचा काटा सरांनी कुठूनतरी आणला होता. गंज त्याला लटकवला. पस्तीस किलो भरला. "म्हणजे साडेतीनशे न्यूटन," सर म्हणाले. "लिवा रे, एक यशोदाबाई बरोबर साडेतीनशे न्यूटन."

हिरो पंधराशे यशोदाबाई निघाला. यशोदाबाईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग त्याले म्हना येक दिवस येऊन भात उतरव." तेव्हापासून शाळेत सगळं यशोदाबाईंत मोजलं जाऊ लागलं. बैल किती, ट्रॅक्टर किती, मुख्याध्यापक किती. मुख्याध्यापकांचा आकडा मी इथे लिहीत नाही.

पण सरांचं गणित तिथे संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना सांगितलं की हिरोच्या हातात पंधराशे यशोदाबाई असल्या तरी बस थांबणार नाही. कारण त्याच्या बुटाखालची जमीन. ऐंशी किलोच्या माणसाला जमीन धरून धरून धरणार किती, फार तर दोन यशोदाबाईंइतकी. बस त्याला ढकलत घेऊन जाईल, त्याचा हात कितीही बळकट असो. "जोर हातात असून फायदा नाई," सर म्हणाले, "मागून कोनीतरी धरलं पाह्यजे." पोरं खट्टू झाली. मी भिंतीपलीकडे वह्या तपासत होते आणि मनाविरुद्ध ऐकत होते.

हे गणित मुळात तपनचं नव्हतं, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. मित्राला एकदा चंद्रपूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं आणि मी कसनुशी होऊन दोन संत्री घेऊन भेटायला गेले होते. तेव्हा सरांची बायको करुणाताई मला जिन्यात बसून सांगत होती. मित्रा आठ वर्षांची असताना त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या कुणाच्या तरी मोबाइलवर तिनं असाच सिनेमा पाहिला. तिच्या हातात तेव्हा बाटलीचं झाकण फिरवायची ताकद नव्हती. "बाबा, याच्या अंगात किती जोर असन?" तिनं विचारलं. सर म्हणाले, "खूप." आणि ती म्हणाली, "खूप म्हणजे किती?" रक्ताची पिशवी चढेपर्यंत बापलेक केसपेपरच्या मागे गणित करत बसले होते. बूट घसरतील हे सरांनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती की मग त्याला मागून कोणीतरी धरलं असेल, सिनेमात दाखवत नसतील. ते वाक्य सरांचं नव्हतंच. मी ज्याच्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती, तो प्रश्नही सरांचा नव्हता. मला संत्र्यांची पिशवी कुठे ठेवावी कळेना.

करुणाताईनं आणखी एक गोष्ट सांगितली. तीही तशीच, पायरीवर बसून, साध्या आवाजात.

ज्याच्या रक्तात हा दोष अर्धा असतो त्याला तपासणीनंतर पिवळं कार्ड मिळतं. तो स्वतः ठणठणीत असतो, जन्मभर त्याला काही होत नाही. ज्याला पूर्ण आजार असतो त्याचं कार्ड लाल. पिवळ्यानं पिवळ्याशी लग्न करू नये, हे आमच्याकडे पोरंसोरंही सांगतील, कारण तसं झालं तर दर खेपेला चारातून एक शक्यता लाल कार्डाची. सर आणि करुणाताई दोघंही पिवळे. दोघांची भेट धम्मचक्र दिनाच्या गर्दीत झालेली, पुस्तकांच्या दुकानासमोर, आणि मग ते काही कुणाचं ऐकण्याच्या परिस्थितीत नव्हते. करुणाताईचे वडील मात्र अडून बसले. दोन्ही कार्डं समोर ठेवून म्हणाले, हे जमायचं नाही. तेव्हा नवे नवे मास्तर झालेले दहिवले सर त्यांना चार चौकोन काढून समजावू लागले. चारातून तीन घरं चांगली. पंचाहत्तर टक्के. आणि हसून म्हणाले, "मामाजी, पंचाहत्तर टक्क्याले तं बोर्ड डिस्टिंक्शन देते."

"बाबा हासले," करुणाताई म्हणाली. "हे हासले. मीबी हासली, मॅडम. म्या काई नाई म्हटलं नोतं."

पोटात असताना तपासणी करता येते. पण त्यासाठी नागपूरला जावं लागलं असतं आणि ते गेले नाहीत. पंचाहत्तर टक्के होते ना.

त्यानंतर मला शाळेतल्या एका गोष्टीचा उलगडा झाला. दहावीचा निकाल लागला की पोरं पेढे घेऊन येत. ‘सर, डिस्टिंक्शन’ असं कुणी म्हणालं की दहिवले सर पेढा घेत, पाठीवर हात ठेवत आणि हात धुवायला म्हणून नळाकडे जात. बराच वेळ परत येत नसत. आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचो, याला दुसऱ्याचं कौतुक सोसत नाही. मीही म्हटलंय.

मित्राला रक्त लागे तेव्हा सरांचं चालत नसे. गट जुळायचा, पण पिवळ्या कार्डाचं रक्त लाल कार्डाला देत नाहीत. स्वतःच्या लेकीच्या खाटेशेजारी बसून हा माणूस इतरांना फोन करत राही. एका उन्हाळ्यात कुणी मिळेना तेव्हा यशोदाबाई स्वतःहून एसटीत बसून चंद्रपूरला आली. तपासलं तर तिच्या रक्तात कुठलाच दोष नव्हता. तिनं रक्त दिलं, बिस्किटाचा पुडा घेतला आणि मित्राच्या खाटेशी उभी राहून म्हणाली, "आता हे माहं रक्त आहे, हं. शाळेत जाऊन भांडे उचलशीन बेटा तू." मित्रा हसली. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांना कुणी काही दिलं की आभार मानता येत नसत, तेवढं एक त्यांना कधीच जमलं नाही.

त्याच वॉर्डात एकदा डॉक्टरांनी मित्राला विचारलं, दुखणं किती आहे, शून्य ते दहामध्ये सांग. ती कळवळत होती तरी बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, दहा काय?" सर मला हे सांगताना हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. "मी तिचे पाय चेपत राह्यलो, मॅडम," ते म्हणाले.

मित्रा नववीत गेली. नववीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा आहे आणि त्यात सिकलसेल आहे. दहिवले सर एरवी कुठलाही धडा पुस्तक न उघडता शिकवायचे. त्या दिवशी त्यांनी पुस्तक हातात धरून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. माझ्या वर्गाला मी निबंध लिहायला बसवलं होतं, त्यामुळे पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. त्यांनी फळ्यावर चार चौकोन काढले. खडूचा आवाज ऐकू आला. समजावून सांगितलं.

एक मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, चारातून एकालेच होते न? मंग तं कमीच आहे."

"कमी नाई," सर म्हणाले.

त्या मुलाची काही चूक नव्हती. सरांनीच शिकवलं होतं तसं त्यानं विचारलं, "कमी नाई म्हणजे किती, सर?"

माझ्या वर्गातल्या पोरांनी पेनं थांबवली.

"सर, मी सांगू?" हा मित्राचा आवाज. शाळेत ती त्यांना सरच म्हणायची, बाबा फक्त फाटकाबाहेर. "ज्याले होते त्याले पूर्ण होते. त्याच्यासाठी चारातून एक नसते. एकातून एक असते."

"बरोबर," सर म्हणाले. "बस."

तास संपल्यावर मी दाराशी आले. सर फळा पुसत होते, पुसून झालेला फळा पुन्हा पुसत होते. मित्रा आपली बाटली घेऊन टेबलाशी गेली आणि म्हणाली, "सर, पानी प्या." ते प्यायले.

त्या संध्याकाळी घरी तिनं विचारलं, तुम्हाला लग्नाआधीपासून माहीत होतं का. सरांनी खोटं सांगितलं नाही. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गुडघे ठणकायला लागले तेव्हा म्हणाली, "बाबा, तेल लावून द्या." हे मला सरांनीच सांगितलं, मधल्या सुट्टीत, डबा न उघडता. आणि म्हणाले, "लावून देलं."

पौषात आमच्याकडे गारठा हाडात शिरतो. त्या वर्षी एका सकाळी मित्राला एकशे एक ताप भरला. सरांनी थर्मामीटर पाहिला आणि वीस मिनिटांत गाडीत बसले. अंगावर दोन ब्लँकेटं, पाण्याच्या तीन बाटल्या, सगळे कागद, लाल कार्ड. सगळं वेळेवर. दवाखान्यातही सगळ्यांनी धावपळ केली. पण दुखणं छातीत उतरलं होतं. तिसऱ्या दिवशी, शनिवारी भर दुपारी, मित्रा गेली. पंधरावं लागायला एक महिना होता.

कुणाचीही चूक झाली नव्हती. हेच सरांना सोसेना. चूक सापडली असती तर ते निदान तिच्यापाशी बसले असते. ते त्या वीस मिनिटांमागे लागले. भेटेल त्याला सांगत, वीस मिनिटं का लागली. पाच मिनिटं ब्लँकेट शोधण्यात, सात गाडीवाल्याचा फोन लागेपर्यंत, आठ चप्पल. "तिची एक चप्पल सापडत नोती, मॅडम. चपलेची काई गरजच नोती न. मी तिले उचलूनच नेलं." करुणाताई आतून म्हणायची, "अहो, बस करा." ते थांबत आणि पुन्हा पाचपासून सुरू करत.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळी शाळा त्यांच्या अंगणात होती. जेवण यशोदाबाईनं रांधलं. भात झाल्यावर ती गंजाशी वाकली, त्याचे कान धरले आणि तशीच राहिली. तिला तो उचलवेना. दोन बायांनी हात लावला तेव्हा तो खाली उतरला. आमच्यातल्या प्रत्येकानं ते पाहिलं. सर मित्राच्या फोटोपुढची मेणबत्ती वाऱ्यानं विझत होती ती पुनःपुन्हा लावत होते, त्यांनी पाहिलं नाही.

सर आठवड्याभरानं कामावर आले. शिकवत ठीक होते, पुस्तक हातात धरून. पोरं त्यांच्यासमोर मुद्दाम ‘खूप’ म्हणायची, ‘सर, खूप थंडी आहे’, ‘सर, आज खूप मोठा साप निघाला’, की सर काहीतरी विचारतील. सर म्हणत, "हो." एकदा नव्या पोरांनी हिरोचं गणित मागितलं. "तो भाग गाळला आहे," ते म्हणाले. भिंतीपलीकडून आता काहीच येत नसे. माझे कवितेचे तास शांततेत होऊ लागले आणि मी त्या शांततेला शिव्या घालत शिकवत राहिले.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले आणि चंद्रपूरला भावाकडे राहायला आले. त्यानंतर दहिवले सर मला एकदाच दिसले.

गुडघे दाखवायला म्हणून मी मित्राला ठेवत त्या दवाखान्यात गेले होते. शनिवार होता, दुपारचे तीन वाजले असतील. लिफ्टपुढे रांग म्हणून मी कठडा धरून जिना चढत होते. वरच्या वळणावर एक माणूस दहा-अकरा वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन उभा होता आणि धापा टाकत होता. शर्ट एक माप मोठा. मागे मुलीची आई, हातात पिशव्या आणि कागद, एटापल्लीकडची कुठली तरी. नंतर मला तिथल्या नर्सनं सांगितलं की सर दर शनिवारी सकाळची शाळा आटोपून येतात, सिकलसेलच्या पोरांना वर नेतात, रांगेत उभे राहतात, रक्ताचे फोन लावतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. "सर," मी म्हटलं. त्यांनी ओळखीची मान हलवली. बोलायला दम नव्हता.

त्या बाईला वाटलं असावं की परका माणूस एवढं करतोय तर काहीतरी विचारावं. ती म्हणाली, "भाऊ, तुमचं कोन आहे इथी?"

"पोरगी," सर म्हणाले.

"केवढी आहे जी?"

"नववीत आहे."

त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी ओळखीची दिसले असेन. "तुम्ही वळखता का तिले, बाई?"

सर समोरच्या भिंतीकडे बघत होते. खांद्यावरच्या पोरीचा हात त्यांच्या पाठीवर लोंबत होता.

"हो," मी म्हणाले. "माझ्या वर्गात आहे. अक्षर फार सुंदर आहे तिचं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि राहिलेल्या पायऱ्या चढू लागले.